न फिटलेलं सोयर

१२ जुलै २०२४

पुनम,

पहिले आशीर्वाद लिहाची रीत आहे म्हणून आशीर्वाद. आता कामाचं.

तू माहा फोन उचलत नाई. तुह्या नवऱ्याले केला तर तो म्हणते, "आई, ती झोपली आहे." भर दुपारी झोपते काय तू? चंद्रपुरात तशी रीत असंल तर आमाले माहीत नाई. म्हणून पोष्टातून निळा कागद आणला. चौथीपर्यंत शिकली, अक्षरं अजून हातात आहेत. फोन कापता येते. कागद फाडाच्या आधी माणूस वाचतेच.

तुही पिशवी पोचली. टोपरं उकळून वाळवलं, थोडं आखडलं, पण लेकराचं डोकं कवठाएवढं आहे, बसते. काजळाची डबी नालीत फेकली. मध मी खाल्ला, चांगला होता. चांदीचा करदोडा डब्यात ठेवला. त्याची कातडी अजून कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे, तिच्यावर चांदी घासाची नाई.

तू म्हणते, माय मले भाचा पाहू देत नाई. तर ऐक, काऊन पाहू देत नाई.

सातव्या महिन्यात आलेलं पोर आहे. दवाखान्यातून घरी निघताना तिथल्या नर्सबाईनं मले समोर उभं केलं. "आजी, घरात हुकूम कोणाचा चालतो?" मी म्हणलं, "माहाच." "मग तुम्हालाच सांगते. तुमचं-माझं साधं पडसं याला न्यायला पुरतं. याच्या अंगात लढायला काही नाही." मंग तिनं सांगतलं ते सारं मी ध्यानात ठेवलं. माकडिणीच्या पिलासारखं त्याले तुह्या वहिनीच्या, मयुरीच्या, उघड्या छातीशी बांधून ठेवाचं. आईच्या दुधाबिगर तोंडात काई नाई, बेंबीवर काई नाई. हात लावाच्या आधी बांगड्या-अंगठ्या काढून कोपरापर्यंत साबण. शिंकणारा-खोकणारा दाराबाहेर. आणि वजन भरेपर्यंत आंघोळ नाई.

घरी आल्यावर मी गावाले साधं सांगतलं, जंतू लागतीन, कोणी येऊ नका. सारे हासले. पोचूची बायको म्हणली, "आमचे पोट्टे चिखलात लोळून मोठे झाले. तुह्या नातवाले का सोन्याचं कातडं लावून आणलं?" आणि शेणाचा हात तसाच त्याच्या गालाकडे नेला. मी मनगट धरलं म्हणून वाचला. त्या दिवशी मले कळलं, इथी जंतूले कोणी भेत नाई. विटाळाले भेतात.

मंग मी सोयर, जन्माचा विटाळ, फेडलंच नाई. गावात बारा दिवसांनी बाळंतिणीले न्हाणतात, लेकराले न्हाणतात, घर सारवतात, विटाळ फिटते, आणि दुसऱ्या दिवशी सारं गाव पाळण्याभोवती. नर्सबाईनं तर लेकराचं न्हाणंच बंद केलं आहे. न्हाणं नाई तर सोयर कसं फिटन? नाई फिटत. मी कोणाशी खोटं बोलली नाई. दारात बसते आणि सांगते, "बाई, आमचं सोयर आहे अजून." उंबरठ्याले कोणी शिवत नाई. आमच्या घरचं पाणी कोणी पेत नाई. धान लावाले रोवण्याच्या बाया आमच्या बांधीत येऊन नाई राह्यल्या. रोशन चिडते, माय, धानाचे पऱ्हे पिवळे पडून राह्यले. पडू दे. पऱ्हे पुढच्या साली पुन्हा उगवतीन.

आता तुही गोठ. तुले आत्या म्हणून त्याले पाळण्यात घालाचं आहे, कानात नाव सांगाचं आहे. तुह्या सासूनं सांगतलं आहे की भावाचं पहिलं पोर पाळण्यात घातलं की कूस उजवते. सासूचं ऐकाले तुले कान आहेत, मायचं ऐकाले नाईत. तू परक्या घरची झाली, आमचं सोयर तुले नाई, म्हणून तुलेही आत येता येत नाई. येऊ नको. भाड्याचे पैसे वाचव.

माय


२९ जुलै

पुनम,

तू आलीच. सिंदेवाहीपर्यंत बसनं आणि पुढे ऑटोनं, नवं लुगडं नेसून.

मी फाटक उघडलं नाई हे साऱ्यांनी पाहलं. तू शिंकली हे कोणी पाहलं नाई, मी पाहलं. "धुळीनं शिंकली" म्हणते. या दिवसांत आमच्या रस्त्यावर गुडघाभर चिखल आहे, धूळ कुठून आणली?

फाटकावर डोकं आपटून तू साऱ्या मोहल्ल्याले ऐकवलं, "शकू काकी आत बसली आहे, आणि मी पोटची पोरगी बाहेर?" त्याचं उत्तर तेव्हाही दिलं, आता लिहून देते. शकू माही जाऊ आहे. एका घराण्यातली. आमचं सोयर तेच तिचं सोयर, आमचं सुतक तेच तिचं सुतक. विटाळलेल्या माणसाले आणखी काय विटाळ होईन? तिले मी कोणत्या तोंडानं अडवू? ती लाकडं आणते, मयुरीचे पाय चोळते, भात टाकते. रोवणा करून थकून येते तरी येते. तू काय आणलं? बुंदीचे लाडू.

आणि जे मी शेवटी बोलली, "पोर पाहिजे असंल तर आपलं जण, दुसऱ्याच्या पाळण्यात हात घालून कूस भरत नाई," ते तुले लागलं असंल. लागावंच म्हणून बोलली. साधं बोलली असती तर तू रात्रभर फाटकाशी बसली असती, रोशनले कीव आली असती, त्यानं कडी काढली असती. तुह्या भावाचं काळीज लोण्याचं आहे, बापावर गेलं आहे. पोचूची बायको फिदीफिदी हासली, ते मले आवडलं नाई. तू परत गेली, ते आवडलं.

जाताना म्हणली, "तू मेली तरी येणार नाई, आणि तूही माह्या उंबरठ्यावर चढू नको." बरं.

लाडू शकूच्या नातवंडाईनं खाल्ले.

माय


१३ ऑगस्ट
चंद्रपूर, दवाखान्याचा व्हरांडा

पुनम,

हा कागद रोशनच्या हाती पाठवून राह्यली. तुहं घर इथून हाकेवर आहे, पण उंबरठ्यावर चढू नको म्हणली होती, म्हणून चढत नाई.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मयुरी म्हणली, "आई, हा ओढून नाई राह्यला." मी तिचा स्तन त्याच्या तोंडात धरून पाहलं. ओठ नुसते उघडे. हात उचलला तर ओल्या फडक्यासारखा खाली पडला. पाय थंड. मयुरीच्या छातीशी बांधलेला असून थंड. आशाताई नंदिनीले बोलावलं, तिनं उघडून पाहलं आणि सरळ गाडीले फोन लावला. त्या पोरीची जीभ एरवी पंख्यासारखी चालते. ती गप झाली तेव्हाच मले समजलं.

इथी डॉक्टरनं विचारलं, "बाहेरच्या कोणी हात लावला होता का?" मी म्हणलं, "नाई. बाहेरच्या कोणीच नाई." ते खोटं नव्हतं. शकू बाहेरची कुठी आहे?

माह्या पाठीमांगून मयुरी बोलली. तीच मयुरी, जी दोन वर्षांत माह्यापुढे तोंड वर करून बोलली नाई. "काकीनं बोट चोखाले दिलं होतं, डॉक्टर. मी मोरीत गेली होती, हा रडत होता. काकीच्या बोटांले चिखल्या झाल्या आहेत."

"चिखल्या म्हणजे?"

"रोवणा करून बोटांच्या बेचक्यात जखमा होतात. पू होते."

डॉक्टरनं माह्याकडे पाहलं. "आजी, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"चुलीजवळ."

चुलीजवळून खोलीतलं सारं दिसते. ते त्यानं विचारलं नाई, मी सांगतलं नाई. तू विचारशीनच, म्हणून लिहून देते. दिसलं. बोलता आलं नाई. सगळ्या गावाले मी विटाळाच्या नावानं हाकललं, आणि शकूच्या हातात विटाळ नव्हता, पू होता. आमच्या रीतीत तिचा हात चोखा. "शकू, हात काढ," असं म्हणासाठी माह्याजवळ शब्द नव्हता. साबण दाखवला असता तर म्हणली असती, "मले धुवाले सांगते? मले?" एवढ्यासाठी गप राह्यली. फाटकाशी उभी राहून तू जे ओरडली होती, ते बरोबर होतं. पण तू शिंकत होती, तेही बरोबर होतं.

रक्तात जंतू गेले म्हणतात. मुंगीच्या पायाएवढ्या शिरेत सुई घातली आहे. कालपासून श्वास जरा धड आहे. आता त्याले छातीची ऊब पाहिजे. मयुरीले ताप भरला, उभी राहिली की पडते. तिचं दूध काढून नळीनं देतात, पण अंगाशी धराले दुसरी बाई पाहिजे. मी चोळी सोडून पुढे झाली. नर्सबाईनं माही छाती पाहली, पोटावरचं गजकर्ण पाहलं, म्हणली, "तुम्ही नाही आजी. तुम्ही बाहेर बसा." आख्ख्या जन्मात मले कोणी दाराबाहेर बसवलं नव्हतं. बसली.

दुसरी कोण आहे? मयुरीची माय लकव्यानं खाटेवर आहे. शकूचं तर सांगाले नको.

तुह्या अंगावर काई नाई, मले ठाऊक आहे, लहानपणापासून तुही कातडी साफ आहे. पडसं असंल तर येऊ नको, सरळ नाई म्हण. नसंल तर आंघोळ करून ये. नखं काप. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या नवऱ्याजवळ देऊन ये. त्याच्या तोंडाशी तोंड न्याचं नाई. पदराआड रडाचं नाई, डोळ्यांचं पाणीही पाणीच असते.

मी माफी मागून नाई राह्यली. छाती मागून राह्यली. देत असशीन तर आज दे, उद्या तिचा उपयोग नाई.

माय


१८ सप्टेंबर

पुनम,

पोरगा बरा आहे. दूध ओढते. रागावते. भूक लागली की शकूच्या बोकडासारखा ओरडते.

तू पुन्हा फोन बंद केला, म्हणून पुन्हा कागद. आता तू रागावली त्याले कारण आहे, मी नाई म्हणत नाई. पण कारण असलं की माणूस बरोबरच असते, असं नाई.

तू त्याले धरलं. खुर्चीत बसून रात्र-रात्र धरलं, हे मी काचेतून पाहलं. पाठ अकडली तरी हलली नाई. नर्सबाई म्हणली, "तुमच्या लेकीसारखं कोणी धरत नाही, त्याचा श्वास तिच्या श्वासाला लागला आहे." तू त्याले चंदन म्हणाची, हळूच, कोणी ऐकू नये म्हणून. मी ऐकलं. तो तुह्यामुळे जिता आहे. हे एकदा लिहिते. पुन्हा लिहिणार नाई, आणि तोंडानं तर नाईच.

दवाखान्यातून सुट्टी भेटली त्या दिवशी तू त्याले छातीशी बांधलेल्या फडक्याची गाठ सोडली नाई. "माय, अजून थोडे दिवस माह्याकडे राहू दे, दवाखाना जवळ आहे, घर साफ आहे, तिथी चिखल नाई, भाऊबंद नाईत." गोठ शहाणपणाची होती. रोशन तर हो म्हणून बसला होता.

मी मयुरीकडे पाहत होती. तू पाहत नव्हती. ती भिंतीले टेकून उभी होती आणि आपल्याच पोराकडे अशी पाहत होती जशी बाजारात दुसऱ्याची पाटी पाहतात. तिचं दूध कमी होऊन राह्यलं होतं. पोर मांगून घेतलं नाई तर दूधही येत नाई, आणि मांगाचा हक्क तिले वाटेना. अजून चार दिवस तुह्याकडे राह्यला असता तर दूध आटलं असतं. वरचं दूध, बाटली, बाटलीचं बूच, बुचातले जंतू. ज्यातून काढला त्यातच पुन्हा घातला असता.

म्हणून मी गाठ सोडली. तू हात घट्ट केला तेव्हा मी म्हणली, "सोड. तुह्यात दूध नाई."

नर्सबाईनं मान वळवली. तुह्या नवऱ्यानं मले अशा नजरेनं पाहलं की मले वाटलं मारते. मारलं असतं तरी पोरगा मी दिला नसता. पोराच्या तोंडाची लाळ तुह्या छातीवर होती, ती तू पुसली नाई, तसंच पोलकं लावलं. फाटकावर डोकं आपटणारी पुनम बरी होती. ही नवी मले समजत नाई.

मयुरीनं गाडीतच त्याले पाजलं. पहिले रडली, मंग दूध आलं.

माय


२४ ऑक्टोबर

पुनम,

वजन भरलं. नंदिनीनं काट्यावर ठेवून दाखवलं. मंग न्हाणं झालं, घर सारवलं, सोयर फिटलं. बारसं केलं नाई, पेढे वाटले नाई, कानात कोणी कुर्र केलं नाई. मयुरीनं त्याले मांडीवर घेऊन आपल्याच तोंडानं नाव ठेवलं. चंदन. मले पसंत नाई, चंदन नावाचा एक चोर होता आमच्या माहेरी. पण मयुरी म्हणली, "आत्यानं ठेवलं आहे, हेच राहीन." ही पोरगी आता माह्यापुढे बोलते. दवाखान्यानं बिघडवली.

दुसरी गोठ रोशननं तुले सांगतली असंल, पण तो अर्धी सांगते.

चंद्रपूरहून आलो तेव्हा सोयर फिटाचंच होतं. दुसऱ्या दिवशी शकू लाकडाची मोळी घेऊन दारात. बोटं तशीच, सडलेली. तिले कोणी काई सांगतलं नव्हतं. मी म्हणली, "शकू, तिथीच थांब."

"काऊन?"

"लेकराजवळ येऊ नको."

"मले कोणतं सोयर, बाई? तुहं तेच माहं." आणि पाय आत टाकला.

मी सांगून पाहलं. पू, जंतू, रक्त, जसं डॉक्टरनं सांगतलं तसं. तिनं मोळी खाली टाकली, दोन्ही हात माह्या डोळ्यांपुढे धरले. "या हातानं तुहा रोशन बाहेर काढला. तुह्या लेकीची नाळ या हातानं कापली. तेव्हा तुले पू दिसला नाई?"

खरी गोठ होती. तू झाली त्या रात्री पूर आला होता, सुईण आली नाई, शकू नसती तर तू नसती. पण पुनम, खरी गोठ आणि चोखा हात या दोन वस्तू आहेत. तिले अडवाचा माह्याजवळ एकच रस्ता होता. तिच्या-माह्यात जे एक आहे तेच तोडाचं. मी अंगणात उतरली, पोचूची बायको होती, कोलू म्हातारा होता, त्याइच्यासमोर म्हणली, "आजपासून या घराचं आणि त्या घराचं सोयरसुतक तुटलं. तुमचं मेलं तर आमी न्हाणार नाई, आमचं मेलं तर तुमी न्हाऊ नका. तू आता परकी झाली, शकू. परक्याले उंबरठा बंद आहे."

गावात वावरावरून डोके फुटले, पण कोणी हे तोंडातून काढलं नव्हतं.

शकू रडली नाई. ती माह्याच वयाची, माह्याच पाण्याची. म्हणली, "बरं. मंग तुही तिरडी कोण उचलन? कुत्रे?"

"कोणी ना कोणी उचलन."

"पाहतो," म्हणली, आणि मोळी उचलून परत गेली. लाकडंसुद्धा ठेवली नाईत.

आता तिचे पोरं रोशनशी बोलत नाईत. भाऊबंदांची चारही घरं बंद. पाण्याले गेली तर बाया हांडे बाजूले घेतात. रोशन म्हणते, "माय, माफी माग, काकीचे हात आता बरे झाले." झाले, मी पाहले. पण पुढच्या रोवण्याले पुन्हा सडतीन, आणि चंदन तेव्हा जेमतेम एक वर्षाचा राहीन. रोवणा दरसाल येते. म्हणून माफी मागत नाई. शकू चांगली बाई आहे, हे मले रोशनपेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणूनच तोडाले एवढं लागलं. वाईट बाई असती तर शिवी दिली असती आणि भागलं असतं.

आता तुह्याशी काम आहे.

मी अजून मरत नाई. पण शकूनं विचारलं ते खरंच विचाराले पाहिजे होतं. मयताले घराण्यातलेच खांदे लागतात, आणि घराणं मी स्वतः तोडलं. रोशन एकटा आहे. चंदनचा खांदा तयार व्हाले वेळ आहे.

तू येजो. बाईनं खांदा देऊ नये म्हणतीन, भटजी कुरकुर करीन, तुही सासू तर छाती पिटीन. पिटू दे. तुह्यात जोर आहे, मी काचेतून पाहला आहे. तुही आणि रोशनची उंची सारखी आहे, तिरडी एका बाजूले कलणार नाई. रडाचं असंल तर घरून रडून येजो, खांद्यावर ओझं असताना रडलं की पाय चुकते.

पायाकडचे दोघं गावातले कोणीही चालतात, दारू पाजली की येतात. डोक्याकडची बाजू जड असते, ती घरच्याच माणसाले धरावी लागते. एक रोशनची. दुसरी तुही.

माय